दर शुक्रवारी केशकर्तन

पुलावर वाहतूक तुंबली की आमच्या कारखान्याच्या बसमधले सगळे आपापल्या देवाला साकडे घालत, आणि शेवटच्या दोन बाकांवरचे आम्ही चौघे त्याच देवांना नेमके उलटे साकडे घालत असू. त्यांना रस्ता मोकळा हवा असे; आम्हाला तो तासभर तरी खोळंबलेला हवा असे. एकाच बसमधून परस्परविरोधी प्रार्थना वर जात असताना देवांनी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न मला त्या काळात ईश्वराच्या अस्तित्वाच्या प्रश्नाहून अधिक गहन वाटे.

आम्हाला एक ड्रॅगन मारायचा होता. काळा, एका डोळ्याने आंधळा, ज्वालामुखीच्या ओठावर निजणारा, आम्ही खेळत असू त्या खेळातला अखेरचा. त्याला मारायला चार शिकारी लागत. आमची खेळाची यंत्रे हातात मावणारी, जुनी, स्कुदाई गावच्या रात्रबाजारात ताडपत्रीवर मांडलेल्या ढिगातून पारखून घेतलेली. आमच्यातल्या शुकरीच्या यंत्राचे एक बटण तो दात कोरायच्या काडीने दाबी. इंटरनेट त्यांना ठाऊक नव्हते. ती एकमेकांशी बोलत ती केवळ शेजारधर्माने: दोन बाकांच्या अंतरात असाल तर सगळे एकाच अरण्यात, तिसऱ्या बाकावर सरकलात की परके. नव्या यंत्रांवर पृथ्वीच्या पाठीवर कुठेही असलेला सोबती मिळतो, आणि त्या ‘कुठेही’चे दरमहा पैसे मोजावे लागतात. आमचे सोबती आम्हाला कोपराने टोचत. म्हणून ते फुकट होते.

अडचण होती ती तपासणी नाक्यांची. कारखाना सिंगापुरात, आमची घरे मलेशियातल्या जोहोरला; पुलाच्या अलीकडे सिंगापूरचे नाके, पलीकडे जोहोरचे. दोन्हीकडे पिशव्या घेऊन उतरायचे, रांगांमध्ये पांगायचे. पांगलो की अरण्य विझे, आणि पुन्हा एकत्र बसून ते पेटवावे तर ड्रॅगन नव्याने ताजातवाना होऊन आमच्याकडे जांभई देत पाही. थोडक्यात, त्याचा मृत्यू दोन नाक्यांच्या मध्येच, पुलावरच शक्य होता, आणि मोकळ्या रस्त्याला तो पूल फार आखूड पडे.

चौघांमध्ये श्रेष्ठ रोकियामावशी. कारखान्यात दिवसभर भिंगाखाली रबरी चकत्या तपासणारी ही पन्नाशी उलटलेली बाई खेळात स्वतःच्या उंचीचा घण वापरत असे. दिवसभर दोष नुसते बघायचे, संध्याकाळी त्यांना हाणायचे, असे तिचे साधे तत्त्वज्ञान होते. फोर्कलिफ्ट चालवणारा शुकरी तिरंदाज. तो लांबून बाण मारी आणि त्याहून लांब पळे. मी तमिळ साहित्याचा पदवीधर, खोक्यांवर ‘जपून हाताळा’ अशी लेबले छापणारा. माझ्याकडे शिंग होते. मी ते फुंकले की इतरांचे बळ वाढे. स्वतः मी कोणालाही इजा करू शकत नसे. सगळे मला मास्तर म्हणत, आणि साहित्याचे जगातले नेमके स्थान मला प्रथम त्या शिंगाने समजावले.

आणि चौथा तिओ बून कियात. तो ढाल धरी. ड्रॅगनने आग ओकली की कियात पुढे उभा राही आणि आम्ही तिघे त्याच्या पाठीमागे एखाद्या भिंतीमागे असावे तसे असू. प्रत्यक्षातही तो तसाच होता: रुंद, अबोल, भाजून घेणारा.

एका सोमवारी पहाटे, बस आमच्या गेलांग पाताह गावाहून सुटताच, त्याने यंत्र सुरू न करता सांगितले की तो आणि सिऊ फेन महिनाअखेरीस सिंगापुरात, जुराँगला राहायला जाणार. सिऊ फेन त्याची बायको. तिला तिथल्या चष्म्यांच्या दुकानात नोकरी लागली होती.

आम्ही त्याला तीन आठवडे समजावले. ड्रॅगन तेवढा काळ सुखाने निजला. शुकरीने घराचा मुद्दा लावून धरला. कियातचे इथे तीन खोल्यांचे घर होते, मागे रंबुतानचे झाड, स्वयंपाकघर इतके ऐसपैस की त्यात स्कूटर उभी राही.

“तिथे घर नाही मिळत, खोली मिळते,” शुकरी म्हणाला. “दार उघडलंस की पलंग. पलंग ओलांडलास की खिडकी. संपलं.”

“ती खिडकी कारखान्यापासून वीस मिनिटांवर आहे, शुकरीभाऊ. मी सात वाजेपर्यंत झोपेन.”

“झोपून काय करणार?” रोकियामावशीने विचारले. तिला खरोखरच कळत नव्हते.

मी म्हणालो की माणूस जिथे राहतो तिथे राहत नसतो, तो दोन ठिकाणांमधल्या अंतरात राहत असतो. कियातने विचारले, “मास्तर, तुम्हाला पण झोप पुरत नाही ना?”

तो गेला. त्याच्या जागी पेनांगचा एक पोरगेला तंत्रज्ञ बसू लागला. तो भ्रमणध्वनीवर शेअरबाजार बघे आणि उसासे टाकी. आम्ही तिघांनी दोनदा ज्वालामुखी चढून पाहिला. पहिल्या फुंकरीत मी भाजलो, दुसरीत मावशी. शुकरी जिवंत राहिला, कारण तो आधीच पळाला होता.

तो गेल्यावरच्या पाचव्या की सहाव्या शुक्रवारी संध्याकाळी, कारखान्याच्या फाटकाशी, कियात बसच्या दारात उभा. चालक मुनियांडीने भुवया उंचावल्या.

“केस कापायला चाललोय,” कियात म्हणाला. “तिकडे फार महाग आहे.”

हे पटण्यासारखे होते. अर्धे सिंगापूर पेट्रोल भरायला, दात काढायला आणि केस कापायला जोहोरला येते. कियात आला, आपल्या जुन्या जागेवर बसला, पिशवीतून यंत्र काढले आणि आमच्यापुढे ढाल धरून उभा राहिला. गेलांग पाताहला उतरून तो न्हाव्याकडे गेला आणि केस कापून शेवटच्या बसने परतला. सिऊ फेनशी तो खोटे बोलला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा केस कापायला आला. त्याच्या पुढच्याही. त्याच्या डोक्याचा प्रवास आम्ही शोकपूर्ण कुतूहलाने पाहत होतो: आधी भांग गेला, मग कानांवरचे, मग सैनिकी कट, आणि अखेर एका शुक्रवारी न्हाव्याने त्याच्या गुळगुळीत टाळूवरून हात फिरवून सौजन्याने विचारले, की आता नेमके काय कापू? कियातने त्या दिवशी नाकातले केस कापून घेतले. घरी दाखवायला पुरावा म्हणून ते पुरेसे नव्हते.

खेळातही काहीतरी बिनसले होते. मावशीचा घण वरचेवर ड्रॅगनला चुकून कियातच्या पाठीत बसे. त्याने दुखण्यासारखे काही होत नाही, फक्त माणूस चार हात लांब उडून पडतो. मावशी म्हणे, नजर कमी झालीय. कियात उठे, माती झटके, पुन्हा ढाल उचले.

मग सुट्टीच्या आदल्या दिवशीचा तो शुक्रवार आला. सलग तीन दिवस सुट्टी, आणि सगळे सिंगापूर चाकांवर जोहोरकडे निघालेले. सिंगापूरचे नाके ओलांडून आम्ही पुन्हा बसमध्ये बसलो तेव्हा पुलावर लाल दिव्यांची माळ पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत तेवत होती. बस कण्हली. आमच्या बाकांवर मात्र लग्नघरासारखा उत्साह होता. शुकरीने नवी काडी काढली.

आम्ही चढलो. मी शिंग फुंकले. समुद्रावर तिरपे ऊन होते, खाली पाणी शिशासारखे स्थिर, आणि आमच्या तळहातांत एक काळे जनावर आगीच्या फुंकरी टाकत होते. ड्रॅगनचे शेपूट तुटले. मग त्याचे शिंग. आजवर आम्ही इतके आत कधी गेलो नव्हतो.

“मावशी, तुम्ही ड्रॅगनला नाही, माझ्या नवऱ्याला मारताय.”

आवाज वरून आला. सिऊ फेन बाकांमधल्या वाटेत उभी होती. तोंडावर मास्क, डोक्यावर कापडी टोपी, काखेत छत्री. ती कारखान्याच्या फाटकापासून पहिल्या बाकावर बसून आली होती. मुनियांडीने तिला ओळखले होते. पण बायको नवऱ्याच्या मागावर निघाली असता चालकाने मध्ये बोलू नये, असे त्याचे मत त्याने नंतर मांडले.

“माहितीये,” मावशी मान वर न करता म्हणाली. “तो आम्हाला सोडून गेला तेव्हापासून मारतेय.”

कियातने वळून पाहिले. त्याची ढाल क्षणभर खाली आली आणि शुकरी, या खेपेस पळायला विसरल्यामुळे, पेटला.

सिऊ फेनने मास्क काढला. तिला वाटले होते की जोहोरला कोणी बाई आहे. बाई तिने आता पाहिली होती: डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, मांडीवर केळ्याचे वेफर, डोळ्यांत रक्त. राग नेमका कुठे ठेवावा हे तिला क्षणभर सुचेना, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग तिला जागा सापडली.

“खेळायला जातो म्हणून सांगितलं असतंस, तर मी नको म्हटलं असतं का?”

“हो,” कियात म्हणाला.

“हो, म्हटलं असतं.” ती जवळच्या बाकाच्या दांड्याला धरून उभी होती. “तू ताटावर बसल्या बसल्या झोपायचास. आठवड्याचे पाच दिवस मी तुला जागा असलेला बघत नव्हते. ते तास परत मिळावेत म्हणून मी घर सोडलं, चूल सोडली. त्या खोलीत मला अंडं तळता येत नाही, कियात. घरमालकीण म्हणते हलका स्वयंपाक चालेल. हलका म्हणजे पाणी उकळायचं. आणि तू ते तास इथे पुलावर आणून जाळतोस.”

शेअरबाजारवाल्या तंत्रज्ञानेही उसासा आवरला. माझ्याकडे या प्रसंगाला शोभतील अशा किमान दोन ओळी होत्या, आणि आयुष्यात प्रथमच मी त्या गिळल्या.

“शुक्रवारचेच,” कियात फार हळू म्हणाला. “बाकीचे तुझेच आहेत.”

“पोरी, भांड, पण बसून भांड,” मावशी म्हणाली. “त्याची ढाल हलतेय.”

सिऊ फेन बसली. कियातच्या खांद्यावरून तिने यंत्राकडे पाहिले, त्याच्या चकचकीत टाळूकडे पाहिले, पुन्हा यंत्राकडे पाहिले. मग तिने कोरड्या आवाजात विचारले की ते जनावर किती उरले आहे. शुकरीने सांगितले की लंगडू लागले की समजायचे, संपत आले.

ड्रॅगन लंगडू लागला. आणि त्याच क्षणी बसला धक्का बसला. पुढे जोहोरच्या नाक्यावर तपासणीच्या सगळ्या खिडक्या एकाएकी उघडल्या होत्या. लाल माळ तुटली, मणी पळू लागले. बसमधल्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी ओरडली की मुनियांडी, जरा दमाने. पण मुनियांडीच्या कारकिर्दीत सुट्टीच्या आदल्या दिवशी असा रस्ता कधी मोकळा झाला नव्हता, आणि तो उधळला. नाके आले. उतरा, पांगा. ड्रॅगन लंगडत धुरात गेला आणि चार पडदे एकापाठोपाठ विझले.

टाळ्या न वाजवणारे आम्ही चौघे होतो. सिऊ फेन पाचवी. पण तिचे कारण वेगळे असावे.

नाक्यापलीकडे बसमध्ये परतल्यावर कोणी कोणाकडे पाहिना. कियात न्हाव्याकडे जाणार नव्हता, आणि दुसरे जाण्यासारखे काही त्याला उरले नव्हते. त्यांचे घर भाड्याने दिले होते. अखेर रोकियामावशीने वेफरची पिशवी बांधता बांधता विचारले, “जेवलीस?”

सिऊ फेनने नकारार्थी मान हलवली.

“घरी चल. कढई माझी, तेल माझं. डुक्कर तेवढं नको, बाकी वाटेल ते तळ.”

त्या संध्याकाळी सिऊ फेनने जे तळले त्याची हकिगत गेलांग पाताहच्या त्या गल्लीत अजून सांगतात. आधी बेलाचान: आंबवलेल्या कोलंबीची ती वडी गरम कढईत पडताच शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. मग मूठमूठ मिरच्या, मग पेताईच्या उग्र वासाच्या शेंगा, मग सुकी मासळी, मग, कढई तापलेलीच आहे म्हणून, वांगी. आम्ही सगळे अंगणात खोकत उभे होतो. ती आत धुराच्या मध्यभागी, बाह्या वर सारून, झारा आपटत होती. आणि मला एकाएकी कळले की ज्वालामुखीच्या ओठावर उभे राहण्याची हौस केवळ आम्हा चौघांचीच नव्हती.

तेव्हापासून दर शुक्रवारी ती मावशीकडे तळायला येते. पुढच्या बाकावर, मुनियांडीच्या मागे, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसते, आणि तिची प्रार्थना बहुसंख्यांच्या बाजूने असते. “अण्णा, डावी रांग सरकतेय. घाला तिकडे.” मागून मावशी म्हणते, “अण्णा, घाई कसली, कोण आजारी आहे?” मुनियांडीने एकदा दोघींना विचारले की मी चालक आहे की पंच. कियातचे केस पुन्हा कानांवर येऊ लागले आहेत. मावशीचा घण आता क्वचितच चुकतो, आणि चुकला तर तो शुकरीला लागतो.

गेल्या शुक्रवारी पूल पुन्हा चांगलाच तुंबला. ड्रॅगनचे शेपूट गेले, शिंग गेले. तो लंगडू लागला तेवढ्यात डावी रांग हलली, आणि मुनियांडीने सवयीने सुकाणू वळवायला घेतले.

सिऊ फेन उठली. वाटेतून मागे आली, चौघांच्या मधोमध वाकून पडदा पाहिला, आणि परत पुढे गेली.

“अण्णा,” ती म्हणाली, “आहोत तिथेच बरे आहोत.”

“आणि तुझं तळण?” मुनियांडीने विचारले.

“तेल काय, कधीही तापतं.”

मागच्या बसने चिडून भोंगा वाजवला. मी माझे शिंग उचलले आणि फुंकले.