पानाची मागची बाजू

जोतीराम मास्तर इंग्रजी वाचायला लागले की वाघजाईवाडीतले बैलसुद्धा रवंथ थांबवून ऐकतात, असं लोक म्हणत. बैलांचं बैल जाणोत, पण माणसं मात्र खरंच थांबत. कुठंही न अडखळता, आवाजाचे चढउतार घेत, मास्तर अगदी सायबाच्या तोऱ्यात धडाधड वाचत जायचे. विट्याच्या पुढं माळावर वसलेल्या त्या गावात इंग्रजी शाळा निघून चार वर्षं झाली होती, आणि शाळेचं इंग्रजी म्हणजे एकटे मास्तर. ते स्वतः मॅट्रिक झाले होते गाईड पाठ करून. गाईडात धड्याचा अर्थ छापलेला असे, तो ते फळ्यावर उतरवून देत, पोरं तो घोकत, आणि परीक्षेला तोच धडा येई. सगळ्यांचं झकास चाललं होतं. कधी न पाहिलेलं इंग्रजी पुढ्यात आलं तर आपल्याला त्यातलं निम्मंही कळत नाही, हे मास्तरांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तरही ते स्वतःला फारसं आठवू देत नसत.

त्रेचाळीस सालच्या डिसेंबरात सातारहून इन्स्पेक्टर आले ते मात्र वेगळंच खूळ घेऊन. इंग्रजी चौथीच्या वर्गाला मान्यता द्यायची की नाही, हे ठरवायला ते आले होते. मास्तरांनी नेहमीप्रमाणे हुशार पोरांना पुढं बसवून, खडे आवाज तयार ठेवले होते. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मोठ्यानं वाचायचं नाही. मनात वाचायचं. हा उतारा कुठल्याच पुस्तकात नाही. खाली पाच प्रश्न आहेत, उत्तरं मराठीत लिहिली तरी चालतील. मला उच्चार नको आहेत, वाचलेलं कळतं का ते बघायचं आहे."

एक कागद मास्तरांच्याही हातात पडला. पहिल्याच ओळीवर त्यांची नजर ठेचकाळली, आणि कारण नसताना त्यांना भादव्यातलं ते पत्र आठवलं.

ते पत्र आलं होतं हंबीररावांच्या घरी. त्यांचा मुलगा कृष्णात पलटणीबरोबर दर्यापार गेला होता. त्याची पत्रं मराठीत यायची, दोनचार ओळींची. इंग्रजी पत्र, तेही लांब पाकिटातलं, म्हणजे एकच गोष्ट, हे आसपासच्या दहा गावांत पोराबाळांना माहीत होतं. टपालवाले बादशहाभाई ते पाकीट घेऊन दारात आले, तेव्हाच शेजारच्या बाया अंगणात जमायला लागल्या होत्या. मास्तरांना बोलावणं गेलं. मास्तरांनी पत्र उघडलं, घसा साफ केला आणि पहिलं वाक्य खणखणीत वाचलं. त्यात कृष्णातचं नाव होतं, लढाई होती आणि कळवण्यास दुःख होत असल्याचं होतं. एवढं त्यांना कळलं. मास्तरांनी मान खाली घातली, आणि कृष्णातची आई धोंडुबाई यांनी हंबरडा फोडला. त्याबरोबर सगळ्या बायांनी गळा काढला. कृष्णातच्या बायकोनं, शालूबाईनं, दोन्ही मनगटं उंबऱ्यावर आपटली. बांगड्यांचे तुकडे मास्तरांच्या पायापाशी येऊन पडले.

अशा गलक्यात पुढचं कोण वाचणार? मास्तरांनी कागदाची घडी घातली. खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखंच झालं, कारण दुसऱ्या वाक्यापासून त्यांना काही अर्थ लागत नव्हता. तेरावं झालं. मध्ये एकदा हंबीररावांनी विचारलं होतं, "मास्तर, सरकारचा पेन्शनीचा कागुद कसा आला न्हाई अजून?" तेव्हा मास्तर म्हणाले होते, "चळवळीवाले टपालाच्या थैल्या लुटतात, येईल की सावकाश." हंबीररावांना ते पटलं. मास्तरांनाही पटलं.

वर्गात सव्वीस माना कागदावर वाकल्या होत्या. उतारा होता एका खलाशाचा. समुद्राकाठच्या खेड्यात बातमी येते की वादळात बोट फुटली. घंटा वाजते, माणसं गोळा होतात, बायको काळे कपडे घालते. मास्तरांना एवढं लागलं आणि बरं वाटलं. सोपा आहे, आपली पोरं बाजी मारतील, असं म्हणून त्यांनी कागद खिशात घातला. वीस मिनिटांनी साहेबांनी उत्तरं गोळा केली, पोरांना बाहेर पिटाळलं आणि लाल पेन्सिल मास्तरांपुढं ठेवली.

"तपासा तुम्हीच. मी नुसता बघतो."

शेवटचा प्रश्न होता, तो खलाशी आता कुठं आहे? पोरांनी झकास उत्तरं दिली होती. कुणी लिहिलं होतं, समुद्राच्या तळाशी. कुणी देवाघरी. एकानं तर माशांच्या पोटात असं लिहून पुढं सुंदर अक्षरात 'बिचारा' असंही लिहिलं होतं. मास्तर खुशीत बरोबरच्या खुणा करत चालले. पंचविसावा कागद झाला. शेवटचा नूरजहांचा. वर्गातली ही एकुलती एक मुलगी, बादशहाभाईंची. दारालगत वेगळ्या बाकावर बसायची आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं की प्रत्येक शब्दावर अडून बसायची. तिनं लिहिलं होतं, 'त्याच्या घराच्या दारात उभा आहे. बायकोनं अजून वळून बघितलेलं नाही.'

मास्तर हसले. "ही जरा मंदच आहे, साहेब," असं म्हणून त्यांनी त्यावर भली मोठी फुली मारली.

साहेब त्या फुलीकडं बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, उतारा वाचलात?"

"वाचला की."

"शेवटपर्यंत?"

मास्तरांनी खिशातला कागद काढून उलगडला. शेवटच्या तीन ओळी तिथं निमूट बसलेल्या होत्या. दुसरी बोट, मदत, दार. एकेक शब्द घामानं निथळत वाचल्यावर तो मेलेला खलाशी जिवंत होऊन त्यांच्यापुढं उभा राहिला. साहेबांनी नूरजहांला हाक मारली आणि विचारलं, "मुली, तुला कसं कळलं? बाकी कुणाला कळलं नाही."

नूरजहांनं आधी मास्तरांकडं बघितलं. मग म्हणाली, "मला तरी कुटं समदं कळतंय, सायेब. पर आमचं अब्बा म्हंत्यात, इंग्रजी पत्ता शेवटपातूर वाचल्याबगार पाकीट कुनाला देऊ नगंस. वर निस्तं नाव आसतंय. गाव खाली आसतंय."

वर नुसतं नाव. मास्तरांच्या कानात साहेबांचं पुढचं बोलणं शिरलंच नाही. मान्यतेचं काहीतरी बोलत होते, शिक्षणखात्याचं बोलत होते. मास्तरांना दिसत होता तो भादव्यातला कागद. तो दोन्ही बाजूंनी टाईप केलेला होता. मागची बाजू त्यांनी उलटूनसुद्धा पाहिली नव्हती.

ते वर्गातून तसेच उठले. साहेब दिवस मावळायच्या आत विट्याला जाणार होते, टांगेवाला घोड्याला वैरण टाकत होता. मास्तर जवळजवळ पळतच हंबीररावांच्या घरी गेले. अंगणात शालूबाई एकटीच तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मोकळं कपाळ, मोकळी मनगटं. त्या मनगटांकडं मास्तरांना बघवेना.

"ते पलटणीचं पत्र जरा द्याल का? साहेब आलाय शाळेत. पेन्शनच्या कागदाचं विचारतो त्याला."

खोटं किती सहज येतं तोंडाला! शालूबाईनं आत जाऊन कृष्णातच्या फोटोमागून पाकिटासकट घडी आणून दिली. "जपून आना, मास्तर. त्येचं येवडंच हाय आमच्याजवळ," ती म्हणाली.

देवळाच्या कट्ट्यावर बसून मास्तरांनी मागची बाजू उघडली. हात हा शब्द होता. पुणे होतं. दिवाळी होती. बायको होती. चार शब्दांवरून अर्थ जुळवायची त्यांना उभ्या जन्माची सवय, आत्ताही मन भराभर जुळवायला लागलं. मास्तर थांबले. अंदाजानं एकदा वाचलं होतं त्यांनी, आणि त्या अंदाजावर तेरावं जेवलं होतं गाव.

शाळेत जाऊन ते साहेबांपुढं उभे राहिले. पत्र पुढं केलं. आयुष्यात कधी न बोललेलं वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर आलं. "साहेब, मला हे कळत नाही. वाचता येतं, पण कळत नाही. तुम्ही सांगा."

साहेबांनी पहिली बाजू वाचली, पान उलटलं, दुसरी वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग चष्मा काढला.

"हे कुणाला वाचून दाखवलंत का?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. साहेबांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. मग त्यांनी पत्राचा अर्थ मराठीत शब्दन् शब्द सांगितला, मास्तरांकडून म्हणवून घेतला, पोराकडून पाढा म्हणवून घ्यावा तसा. शेवटी म्हणाले, "मान्यतेचं मी बघेन. तुम्ही आधी तिकडं जा. मी वेशीवर टांगा थांबवतो."

वाटेत बादशहाभाई भेटले, खांद्यावर रिकामी थैली. मास्तरांच्या डोक्यात वीज चमकावी तशी वाट दिसली. नवं पत्र आलं म्हणायचं! आजच आलं, आजच वाचलं. कुणाला काय कळणार? गावात दुसरं इंग्रजी कोण वाचतं?

"बादशहाभाई, हे आजच्या टपालानं आलं म्हणून तुम्ही नेऊन द्याल? नुसतं द्यायचं. पुढचं मी बोलतो."

बादशहाभाईंनी पाकीट उलटं करून बघितलं, मग मास्तरांकडं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. "शिक्का भादव्यातला हाय, मास्तर. त्यो मला फिरवाय येत न्हाई. आन फिरवला तरी, तीन म्हैने कुटं गेलं ते त्या पोरीला कोन सांगनार?"

मास्तर पत्र परत घेऊन पुढं निघाले.

हंबीरराव नुकतेच रानातून आले होते. धोंडुबाई चुलीपुढून उठून दारात आल्या. मास्तर अंगणात मधोमध उभे राहिले आणि कुणी बसा म्हणायच्या आत बोलले, "कृष्णातच्या पत्राचं सांगायला आलोय. मी चुकलो. मी तेव्हा..."

कृष्णातचं नाव कानावर पडलं मात्र, धोंडुबाईंनी पदर तोंडाला लावून गळा काढला. शेजारच्या कुडापलीकडून दुसरी बाई सामील झाली. भादव्यातलंच सगळं पुन्हा सुरू होणार होतं, आणि मास्तरांचा हातही तेव्हासारखाच कागदाची घडी घालू लागला. तेवढ्यात शालूबाईनं आपला मोकळा हात वर केला.

"गप ऱ्हावा, आत्याबाई," ती म्हणाली. एवढ्या मोठ्यानं ती त्या घरात कधी बोलली नव्हती. "मास्तर, सांगा. ह्या वक्ताला शेवटपातूर सांगा."

मास्तरांनी सांगितलं. कृष्णात लढाईत जबर जखमी झाला, हे कळवताना सायबाला दुःख होतं. इतकंच पहिल्या पानावर होतं आणि तेवढ्यावर आपण घडी घातली. मागच्या पानावर होतं की त्याचा उजवा हात कोपरापासून गेला, पण जीव वाचला. दिवाळीच्या आधी त्याला पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आणणार आहेत. एका हाताचा गडी घरच्यांना ओझं होईल म्हणून तो स्वतःहून घरी पत्र धाडायला तयार नाही, तेव्हा सायबानंच हे लिहिलं. बायकोचा निरोप आला तरच गावी जाईन म्हणतो, आणि रोज विचारतो, काही आलं का.

हंबीररावांच्या हातात बैलाचा चाबूक होता. तो वर गेला. मास्तर हलले नाहीत. खरं तर तो पडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. पण चाबूक तसाच खाली आला आणि म्हातारा मटकन खाली बसला. "जित्या पोराचा पिंड घातला मी," एवढंच तो पुटपुटत राहिला.

शालूबाई रडली नाही. तिनं बोटांवर हिशेब केला. "दिवाळीपास्नं. म्हंजी आज पावनेदोन म्हैनं त्यो पुन्यात पडून हाय. आन रोज इचारतोय."

"मी आत्ता लिहितो उत्तर," मास्तर घाईनं म्हणाले. "साहेबांकडून तपासून घेतो. उद्याच्या टपालानं..."

"पत्र नगं. पत्रं लय झाली." ती आत गेली आणि लुगड्याचं गाठोडं घेऊन दारात आली. "पुन्याला कसं जायाचं?"

"साहेबांचा टांगा विट्यापर्यंत नेईल. तिथून पहाटे कराडची मोटार, पुढं रेल्वे."

"मामंजी, चला. आन मास्तर, तुमीबी चला. थितं दवाखान्यात इंग्रजीत इचारावं लागंल. न्हाई कळलं तर न्हाई कळलं म्हना, लाजू नगा. पर निम्म्यात थांबू नगा."

मास्तरांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

धोंडुबाई धडपडत आत आणि तिथून शेजारणीकडं गेल्या होत्या. त्या कुंकवाचा करंडा आणि शेजारणीच्या हातातल्या काढून घेतलेल्या दोन हिरव्या बांगड्या घेऊन परत आल्या. त्यांनी सुनेचं मनगट धरलं. शालूबाईनं ते हळूच सोडवून घेतलं, बांगड्या पदरात बांधल्या आणि उंबऱ्यावरून खाली उतरली.

"नगं, आत्याबाई," ती म्हणाली. "आदी त्येला डोळ्यांनी बगते. मंग भरते."