साखळी बसेल असे टायर

दुकानात शिरल्या शिरल्या व्हिन्झेन्झ म्हणाला, "कोर्बिनिआन, माझ्या लाल स्पोर्ट्स कारसाठी हिवाळी टायर दाखव बघू."

मी बाहेर गाडीच्या नंबरप्लेटकडे पाहिलं. कडेला ०४ आणि १०. म्हणजे ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबरच रस्त्यावर यायची. तेवढ्याच महिन्यांचा कर हा चिक्कू माणूस भरतो.

"बर्फ पडला की गॅरेजमध्ये झोपते ना रे तुझी राणी?"

"यंदा बारमाही नंबरप्लेट घेतोय," तो माझ्याकडे न बघताच म्हणाला.

मी रुंद टायर काढले. त्याने ते पायानेच बाजूला सारले.

"अरुंद दे. चाकाला साखळी बसली पाहिजे."

बर्फात चाक घसरू नये म्हणून लावतात ती साखळी? गावातले रस्ते तर पहाटेच मीठ टाकून मोकळे करतात. साखळीशिवाय जाताच येत नाही असा आमच्या खोऱ्यात एकच रस्ता, वरच्या घाटाचा. आणि हिवाळ्यात तिथे एकच खाणावळ उघडी असते. नोव्हेंबर ते मार्च माझी बायको ती एकटीच चालवते.

नेमके त्या मापाचे चार टायर माझ्या मागे रचलेले होते. मी सरकून त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"साखळीवाले ना?" मी म्हटलं. "एप्रिलमध्ये येतील."