बोटभर चौकट

सकाळी सातला वॉर्डात ड्यूटी बदलते. जाणारी सिस्टर एकेका खाटेपाशी थांबून येणाऱ्या सिस्टरला सांगते, ताप किती, सलाईन कितवं, जखम कशी. मी मागे बादली घेऊन उभी. अकरा वर्षं पेशंटना पुसतेय, कूस बदलून देतेय, लघवीची भांडी उचलतेय. सगळ्यांची मावशी. एरवी माझं तोंड गप्प बसत नाही, पण त्या वेळी मावशीने बोलायचं नसतं.

प्रत्येक खाटेच्या तक्त्यावर कडेला बोटभर चौकट असते. सिस्टरने पाहिलं ते लिहायचं आणि चौकटीत सही करायची. मला ती सही हवी होती. पगार, गणवेश, मान, सगळं नंतर. हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यांच्या आतल्या बाजूला मी बारीक सहीचा सराव करायचे, चौकटीत मावेल अशी. वेडेपणाच तो!

नर्सिंगच्या पदवीला माझा नंबर लागला. शुक्रवारपर्यंत फी भरायची होती, आणि कर्जाला नवऱ्याची जामिनाची सही लागणार होती. नवरा शिंपी. त्याला विचारायला दुकानात गेले.

"चार वर्षं शिकणार, मग सात वर्षं फेडणार," तो कात्री न थांबवता म्हणाला. "पंचेचाळिशीला सुटशील. मधेच लेक कॉलेजात जाईल. तिची फी कुठून आणू?"

खोटं काय होतं त्यात? शिवाय त्याने कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनसाठी तीन वर्षं पैसे साठवले होते. माझा पगार थांबला की ते घरखर्चातच जाणार होते. मी घरी आले.

बुधवारी रात्रपाळी संपताना जाणारी सिस्टर नऊ नंबरच्या आजोबांना "ठीक" म्हणून पुढे सरकली. बिचारी रात्रभर बारा नंबरपाशी धावत होती. पहाटे मी तिला सांगितलं होतं, पण ते तिच्या ध्यानात राहिलं नाही.

"नऊ नंबरला संध्याकाळपासून लघवी नाही," मी बोलून गेले.

ड्यूटीवर आलेल्या मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग आजोबांच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि लघवीची नळी मागवली. थोड्या वेळात आजोबांचा आवळलेला चेहरा सैल पडला. सिस्टरांनी तक्त्यात माझेच शब्द लिहिले आणि कडेच्या चौकटीत आपली सही केली. दुसरं काय करणार? मावशीच्या सांगण्याला तिथे जागाच नाही.

त्या हात धूत असताना मी गाठलं. "सिस्टर, तुम्हीही कर्ज काढून शिकलात ना? परवडलं?"

"पैशाचं विचारशील तर नाही. नऊ वर्षं हप्ते भरले. बहिणीच्या लग्नाला रिकाम्या हाताने गेले." त्यांनी एकेक बोट पुसलं. "पण घरी गेले की झोप लागते. दिसलेलं मनात ठेवून निजावं लागत नाही."

गुरुवारी दुकानात गेले तेव्हा नवरा पुठ्ठ्यावर कॉलरचा साचा आखत होता. साच्यांसाठी वॉर्डातली खोकी मीच आणून देते. सह्यांची वेगळी ठेवते. या वेळी माझीच गफलत झाली होती. त्याच्या पेन्सिलीखाली माझ्या सह्यांच्या ओळीच्या ओळी होत्या.

"हे काय गं?"

"सराव."

"कशाचा?"

"रात्रभर मला जे दिसतं ना, ते मला लिहायचंय. माझ्या नावाने." रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडले. "किती वर्षं झाली, मला दुसरं काही नकोच आहे हो."

त्याने पेन्सिल खाली ठेवली, तो पुठ्ठा बाजूला सारला आणि साच्यासाठी दुसरं खोकं घेतलं.

"मशीनची काही घाई नाही," तो म्हणाला. "मला कुठे एवढी हौस होती."

होती. तीन वर्षं तो येता-जाता त्या मशीनचं चित्र बघत होता.

शुक्रवारी बँकेत आधी त्याने सही केली. ती चौकटीबाहेर गेली. कारकून मला म्हणाला, "बाई, जागा लहान आहे हं. सगळ्यांचीच बाहेर जाते."

मला सतरा ठिकाणी सही करायची होती. एकही चौकटीच्या रेघेला टेकली नाही.

"वा! चांगला सराव दिसतोय," कारकून हसला.

नवरा हसला नाही. त्याने पुढचं पान उलटलं आणि माझ्यासाठी दाबून धरलं.