खिशात मावणारं पिस्तूल

माझ्या तोंडात उरलेल्या अकरा दातांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. देवाचीही शपथ घेतली असती, पण तो मला ओळखतो.

माझ्यावर घरात कुणी विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकते. नातीला, सानिकाला, मी सांगून ठेवलंय की लग्नाआधी मी कोयनेच्या डोहातून मगरीवर बसून दळण आणायचे. ती म्हणते, "आज्जी, दॅट्स सो नॉट ट्रू," आणि पाच मिनिटांनी येऊन विचारते की मगरीचं नाव काय होतं.

आणखी एक. मी ब्याण्णव साली ऑकलंडला आले ती इंग्रजी न येणारी म्हातारी म्हणून. पहिलं दीड वर्ष ते खरं होतं. मग दुपारभर टीव्हीपुढे बसून सगळं समजायला लागलं, एकटी असताना बोलूनही बघायला लागले. कुणाला सांगितलं मात्र नाही. इंग्रजी न येणाऱ्या म्हातारीपुढे माणसं काय काय बोलतात म्हणून सांगू. कोपऱ्यावरचा डेअरीवाला (इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) बायकोला सोडणार हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळलं होतं. ही मजा कोण सोडेल?

तर गुरुनाथ माझा मुलगा. हेन्डरसनला एका केमिस्टकडे फार्मासिस्ट होता. चहात मुंगी पडली तर तिला चमच्याने काढून खिडकीत वाळत ठेवणारा माणूस. पंच्याण्णवच्या जुलैत, दुकान बंद करायच्या वेळेला, एकजण चाकू घेऊन आत आला. त्याला मॉर्फिन हवं होतं. ते कुलपाच्या कपाटात, आणि किल्ली गुरूच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात. गुरू द्यायला तयार होता हो. पण हात असे कापत होते की किल्ली भोकात जाईना. खाली पडली. उचलली, परत पडली. तो माणूस काउंटरवरच्या लिंडाला धरून उभा होता. दुसऱ्यांदा किल्ली पडली तेव्हा त्याने तिच्या गालावरून चाकू ओढला. सावकाश, घाई नसल्यासारखा.

चौदा टाके पडले. बावीस वर्षांची पोर, परत कामाला आली नाही. गुरू फुलं घेऊन तिच्या घरी गेला. तिच्या आईने दारातच फुलं घेतली आणि दार लावलं.

महिन्याभराने गुरूने पिस्तूल क्लबात नाव घातलं. म्हणाला, नेमबाजीने मन एकाग्र होतं. माझी सून सुलेखा हॉस्पिटलात नर्स. तिला वाटलं, बरं झालं, माणूस सोफ्यावरून तरी उठला.

रविवारी सकाळी आम्ही अवोन्डेलच्या बाजाराला जायचो. मेथी, कोथिंबीर, मिळाला तर दुधी. तिथून तो थेट क्लबात जायचा, मला घरी सोडायला वेळ नसायचा, मग मीही त्याच्याबरोबर. वायटाकरेच्या डोंगराच्या पायथ्याशी तो क्लब. एक पत्र्याची चहाची खोली, पलीकडे मातीचा उंच बांध आणि समोर कागदी निशाणं. माझ्या पायाशी मेथीची पिशवी, हातात चहा आणि कानावर धडाधड आवाज. मला वाटलं होतं इथे सगळे गुंड असतील. ते निघाले निवृत्त प्लंबर, शाळामास्तर आणि एक बाई, जिचं विणकाम माझ्यापेक्षा बरं होतं.

नवीन माणसाला सहा महिने क्लबाचंच पिस्तूल वापरावं लागायचं, मग स्वतःचं घ्यायला अर्ज. त्या सहा महिन्यांत गुरूने एकूण एक माणसाला विचारून घेतलं, कुठलं घेऊ? आणि पिस्तुलाच्या मालकाला हे विचारणं म्हणजे बाईला लोणच्याची कृती विचारण्यासारखं आहे. दुसऱ्याचं कसं चुकतं तिथून सुरुवात.

मर्व्ह म्हणून क्लबाचा सेक्रेटरी होता, तोच प्लंबर. तो म्हणाला, "जड घे, लांब नळीचं घे. वजन असलं की हात उडत नाही."

"पण लहानातलं लहान कुठलं?" गुरूने विचारलं.

"लहान चावतं रे. अंगठ्याच्या बेचक्यात. आणि वीस पावलांवरचं निशाण सोड, समोरची भिंत चुकवशील."

ती विणकामवाली जॉइस. ती म्हणाली, "माझे हात लहान म्हणून मी घेतलं होतं छोटं. नेम धरायच्या खुणा म्हणजे दोन मोहऱ्या. चाप असा ताठ की बोट दुखायचं. सहा महिन्यांत विकलं."

"पण चपटं होतं का? कपड्यात दिसायचं का?"

जॉइसच्या सुया थांबल्या. "इथे कपड्यात कोण ठेवतं? पेटीत कुलूप लावून आणायचं, पेटीत कुलूप लावून न्यायचं."

तिसरा डर्क. अल्बनीला राहायचा, जोहान्सबर्गहून नुकताच आलेला. त्याला मात्र गुरूने धरूनच ठेवलं. कारण डर्कने खरोखर बाळगलेलं होतं, अकरा वर्षं, रोज, कमरेला.

"चपटं हवं," डर्क म्हणाला. "कडा घासून गुळगुळीत केलेलं. सेफ्टीचा खटका अंगठ्याला आपोआप सापडायला हवा, शोधायला लागला तर मेलास. आणि इतकं हलकं हवं की आहे हे विसरायला होईल."

"विसरायला होतं?"

"होतं ना. एकदा हॉटेलच्या बाथरूममध्ये बेसिनवर विसरलो. परत गेलो तर एक पोरगं चावीच्या खेळण्यासारखं ते हातात उलटंसुलटं करून बघत होतं." त्याने बिस्किट चहात बुडवलं. "आणि ज्या दिवशी खरंच लागणार होतं त्या दिवशी ते गाडीत होतं. माझा भाऊ माझ्यासमोर गेला. इथे आलो ते कशाला वाटतं तुला? पहिल्या आठवड्यात माझी पँट घसरायला लागली, वजन नाही ना कमरेला. इतकं बरं वाटलं की काय सांगू."

हे सगळं माझ्यापुढे, मी मेथी निवडत असताना. गुरूने एका छोट्या वहीत उतरवून घेतलं: चपटं, हलकं, गुळगुळीत. पँट घसरल्याचं काही लिहिलं नाही.

परत येताना गाडीत मी विचारलं, "गुरू, तू सगळ्यांना बोटांनी एवढंसं एवढंसं काय दाखवत असतोस?"

"काही नाही गं. मोठं कपाटात मावत नाही."

माझा मुलगा असून इतकं वाईट खोटं बोलतो. दोन सिग्नल गेले, मग तो आपणहून म्हणाला, "आई, किल्ली दोनदा पडली."

"अरे, हात कापतात माणसाचे."

"पिस्तुलाला भोक शोधावं लागत नाही," तो म्हणाला.

फेब्रुवारीतला एक रविवार. सुलेखा ड्यूटीवर. धुतलेले कपडे घेऊन मी पॅसेजमधून येत होते. गुरूच्या खोलीचं दार अर्धं उघडं. तो कपाटाच्या आरशासमोर उभा होता, सुट्टीच्या दिवशी पांढरा कोट घालून. कोटाच्या खिशात हात घालायचा, टीव्हीचा रिमोट काढायचा, दोन्ही हातांनी रोखायचा. परत खिशात. परत बाहेर. ओठ हलत होते, मोजत असावा. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक, मानेवरून घाम ओघळत होता.

सानिका शेजारच्यांच्या पूलमधून आली, अंगात पोहायचे ओले टॉग्ज, पायात काही नाही. तिला बापाला दचकवायचं होतं. तोंडावर बोट ठेवून मला म्हणाली शूऽ, आणि दार ढकलून ओरडली, "बू."

तो वळला. रिमोट तिच्या दोन भुवयांच्या मधोमध. डोळे मी पाहिले. त्या डोळ्यांत सानिका नव्हती. आणि तिच्या मागे, माझ्या मागे, हॉलमध्ये टीव्ही लागला.

सानिका हसायला लागली. "यू गॉट मी, डॅड." पडली आणि मेल्याचं सोंग केलं, जीभबीभ बाहेर काढून. गुरू पलंगावर बसला. गालिच्यावर पोरीच्या अंगाखाली पाण्याचा डाग पसरत होता, तिकडे बघत बसला.

सुलेखा आल्यावर मी तिला सांगितलं की हा पोरीवर रिमोट रोखून उभा होता, पिस्तूल कोटात घालून दुकानात न्यायचा विचार आहे त्याचा. ती बूट काढत होती, बारा तास उभी राहून आलेली. "आई, मगरीसारखं ना?" म्हणाली. रागाने नाही, दमून.

मार्चमध्ये पोलिसांकडून माणूस आला. इथे पिस्तुलाचा अर्ज केला की घरी येऊन बघतात, बायकोला विचारतात, घरातल्यांना विचारतात. मिस्टर पराता नावाचे माओरी गृहस्थ, निवृत्त पोलीस, पासष्टीचे. "किया ओरा" असा त्यांच्या भाषेत नमस्कार करत आले आणि न सांगता दारात बूट काढले. तिथेच मला आवडले. मी चिवडा आणि चहा पुढे केला. त्यांनी पिस्तुलाची तिजोरी कुठे बसवणार ते पाहिलं, सुलेखाला स्वयंपाकघरात वेगळं बोलावून विचारलं. ती हो म्हणाली आणि दोनच्या ड्यूटीला निघून गेली.

मग म्हणाले, आजींशीही बोलायचंय. गुरू म्हणाला, तिला इंग्रजी येत नाही, मी सांगतो. परातांना ते पसंत नव्हतं, पण दुसरं कुणी नव्हतं.

"घरात पिस्तूल असलेलं त्यांना चालेल का?"

"आई, घरात पिस्तूल ठेवलेलं चालेल का, विचारतायत."

"सांग त्यांना, ते घरात राहणारच नाही. कोटाच्या खिशात राहील, दुकानात."

गुरू भिंतीकडे बघून म्हणाला, "शी सेज, नो प्रॉब्लेम. शी इज हॅपी आय हॅव अ हॉबी."

परातांनी लिहिलं. "मुलाबद्दल कसली काळजी वाटते का?"

"सांग," मी म्हटलं, "आरशासमोर काय करतोस ते सांग."

"शी सेज, आय वर्क टू हार्ड."

हे काही अगदीच खोटं नव्हतं. त्याचे हात मांडीखाली होते. त्या घटनेपासून तो परक्या माणसासमोर हात असे लपवून बसायचा. मला त्याचं वाईट वाटलं आणि तरीही मी तोंड उघडलं.

"मिस्टर पराता," मी म्हटलं, "दॅट इज नॉट व्हॉट आय सेड."

गुरू माझ्याकडे बघतच राहिला. सुलेखाशी माझ्याबद्दल इंग्रजीतून बोललेलं सगळं त्याच्या डोक्यात मागे मागे उलटत गेलं असणार, चार वर्षांचं.

मग मी सांगितलं. किल्ली, लिंडा, क्लबातलं लहानातलं लहान. परातांनी पेन टेबलावर ठेवलं. म्हणाले, "मर्व्हनेही मला ते सांगितलंय. पण नवी माणसं चुकीचंच पिस्तूल मागतात, आजी. लहान हात आहेत म्हणून मागितलं असं तुमचा मुलगा म्हणतो. माणूस घाबरलाय एवढ्यावरून मला नकार देता येत नाही."

मी आरशाचं सांगितलं. कोट, रिमोट, सानिका. पेन अजून टेबलावरच. मग टीव्ही लागल्याचं, म्हणजे त्याने बटण दाबल्याचं सांगितलं. त्यांनी पेन उचललं.

"हे खरं आहे का?" त्यांनी गुरूला विचारलं.

रिमोट तिथेच टीपॉयवर होता, चिवड्याच्या बशीशेजारी. गुरूने त्याच्याकडे पाहिलं.

"आय डोन्ट नो," म्हणाला.

परातांनी वही मिटली. दारात बूट घालताना गुरूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, कुणाशी तरी बोल, मित्रा. तीन आठवड्यांनी नकाराचं पत्र आलं. गुरूने दुकान सोडलं. आता एका गोदामात औषधांची खोकी मोजतो, तिथे गिऱ्हाईक येत नाही. हात अजून कापतात.

अकरा महिने तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मग बोलायला लागला, पण इंग्रजीतच. "मम, युअर टी." "मम, माइंड द स्टेप." आवाज चढवत नाही, काही नाही. सानिका मध्ये बसून माझं मराठी त्याला आणि त्याचं इंग्रजी मला सांगायला बघते, तिला वाटतं हा खेळ आहे.

आता अकरातला एक दात काढून ठेवते. टीव्ही लागला नव्हता. रिमोट होता, पोरीच्या कपाळावर रोखलेला होता, डोळे म्हटले तसेच होते. पण बोट कुठे होतं ते मला पॅसेजमधून दिसलंच नाही, आणि हॉलमध्ये कसला आवाज नव्हता. पेन टेबलावरून उचललं जाईना तेव्हा मी तो टीव्ही नुसत्या तोंडाने लावला. गुरूला तिथल्या तिथे म्हणता आलं असतं की आई खोटं बोलतेय, ती नेहमीच बोलते. परातांना पटलंही असतं. पण तो तसं म्हणाला नाही.