बहात्तर तासांची परीक्षा

"कागद काढा आणि मला वाचू द्या," राजलक्ष्मी म्हणाली.

औषधांच्या दुकानातल्या प्राणेशनं बाटली आधीच वर्तमानपत्रात गुंडाळून वर रबरबँड चढवला होता. "अक्का, सगळ्या लेडीज हेच नेतात."

"नेत असतील. मी वाचल्याशिवाय नेत नाही."

मागं चार माणसं उभी होती. प्राणेशनं बाटली काउंटरच्या आडोशाला धरून दाखवली. गुलाबी, वर कमळ. राजलक्ष्मीनं चष्मा लावला. रोज धुण्यासाठी. सुगंध, रंग, थंडाव्यासाठी मेंथॉल.

"हा तर साबण की! मी कोरडेपणावर मागितलं. आणि तिथं वास कशाला घालतात?"

"हळू बोला अक्का. स्वल्प नंतर या, गर्दी नसताना."

तिनं बाटली परत दिली आणि बाहेर आली. कान तापले होते. आपल्याकडं दोनच वस्तू वर्तमानपत्रात लपवून देतात, दारू आणि बाईच्या गरजेची चीज. दारू पिणारा निदान मान वर करून चालतो.

राजलक्ष्मी बावन्न वर्षांची. बोम्मसंद्र्यात पंपांचे रबरी सील बनवणारा कारखाना आहे, तिथल्या तपासणीच्या टेबलावर तिनं चोवीस वर्षं काढली. सीलच्या कडेवरून बोट फिरवलं की मशीनला न दिसणारी चीर तिला कळते. पास झालेल्या मालावर ती हिरव्या शाईचा ठिपका देते. नवं तेल किंवा ग्रीस आलं की आधी त्यात सील बहात्तर तास बुडवून ठेवायचा. फुगला, चिरला, तर तेल नापास. मग ते कितीही मोठ्या कंपनीचं असो आणि डब्यावर कितीही कमळं काढलेली असोत.

पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. गेल्या वर्षापासून योनीत कोरडं पडायला लागलं. चालताना काचायचं. कंपनीच्या बसमध्ये तासभर बसलं की आग व्हायची. कंबर, गुडघा, अगदी मूळव्याधसुद्धा बसमधल्या बायका मोठ्यानं सांगत. याचं नाव मात्र कुणाच्या तोंडून निघत नव्हतं, तिच्याही नाही.

नवरा उमाजी चिकपेटेत साड्यांच्या दुकानात विक्रेता. लग्नाला तीस वर्षं झाली तरी रविवारी दुपारी दार लावून घेणारा माणूस. राजलक्ष्मीनं आधी कंबरेचं कारण सांगितलं, मग डोकेदुखीचं. एका महिन्यात तर दोनदा संकष्टी केली. शेवटी एक दिवस उमाजीनं उशी आणि चटई उचलली. "मी घोरतो. तुझी झोप मोडते. हॉलमध्ये पडतो."

तो आयुष्यात कधी घोरला नव्हता.

त्याला सात महिने झाले. तिला तो माणूस आतल्या खोलीत परत हवा होता. बाकी काही नको होतं.

घरगुती उपायही तिनं केला होता. सासूच्या पद्धतीनं कढवलेलं केसांचं तेल. खोबरेल, मेथी आणि मूठभर कापूर. डोक्याला एवढं थंड वाटतं, तर तिथंही वाटेल, असा तिनं हिशेब केला. चोवीस वर्षं दुसऱ्यांची तेलं तपासणाऱ्या बाईनं स्वतःवर मात्र न तपासता लावलं. पुढच्या मिनिटाला ती बाथरूममध्ये अशी नाचली की बादली आडवी झाली.

"राजी! काय झालं?" बाहेरून उमाजी.

"पाल!"

"मोठी आहे काय?"

"लई मोठी!"

तो बिचारा झाडू घेऊन दहा मिनिटं दाराशी उभा राहिला.

हे सगळं तिनं दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या भाग्यलक्ष्मीला सांगितलं. भाग्यलक्ष्मीला इतकं हसू आलं की चित्रान्नाचा घास डब्याबाहेर पडला. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मला पाच वर्षं झाली."

"पाच? आणि डॉक्टर?"

"अय्यो, याच्यासाठी कोण डॉक्टरकडं जातं?"

"सील सुकला तर पंप उघडून बघतो की नाही आपण? पंपाला लाज वाटते काय?"

"पंपाला सासू नसते, राजक्का."

पण राजलक्ष्मी गेली. जे. पी. नगरात, घरापासून दोन गल्ल्यांवर, डॉक्टर अश्लेषाचा दवाखाना. वय पस्तीस, मूळची नागपूरची. राजलक्ष्मीचं मराठी ऐकून ती खुर्चीतच पुढं सरकली. "अरे वा! काकू, तुम्ही पण महाराष्ट्रातल्या?"

"नाही गं बाई. चारशे वर्षं हितंच, कानडी मुलखात. तू बोल हळू, मला तुझी मराठी अर्धी समजते."

अश्लेषानं तपासलं. मग हात धुऊन सरळ बोलली. "पाळी गेली की एक हार्मोन कमी होतं, म्हणून तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते. खूप कॉमन आहे. तुमची काही चूक नाही. मॉइश्चरायझर वापरा. आठवड्यातून दोन-तीनदा, नेमानं. संबंधाच्या वेळी लुब्रिकंट लागतं, ते वेगळं, तेही लिहून देते. घेताना बघायचं काय, तर वास नको, रंग नको, थंड-गरम करणारं काही नको. पाण्यावर बनलेलं हवं आणि तिथल्या आंबटपणाशी जुळणारं. आतून साबण बंद. आणि तेल..."

"तेलाचं झालं," राजलक्ष्मी घाईनं म्हणाली.

"यानं नाही भागलं तर हार्मोनची क्रीम असते, ती मी ठरवून देईन. आणि पाळी गेल्यावर रक्ताचा डाग दिसला तर त्याच दिवशी यायचं. आधी थोडं हातावर लावून बघा, सोसतंय का ते."

"बहात्तर तास?"

"म्हणजे?"

राजलक्ष्मीनं सील आणि तेलाचं सांगितलं. डॉक्टर खदखदून हसली. "काकू, बहात्तर तर बहात्तर. तुमची परीक्षा माझ्यापेक्षा कडक आहे."

चिठ्ठी पर्समध्ये आली आणि चार दिवस तिथंच राहिली. दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत ती तीनदा गेली. प्राणेशच्या काउंटरवर गर्दी दिसली की पाय आपोआप भाजीच्या गाडीकडं वळायचे. घरात तीन भोपळे जमले.

रविवारी सकाळी उमाजीनं मेट्रोचं कार्ड शोधायला तिची पर्स उघडली. राजलक्ष्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर तो चटईवर बसलेला, हातात चिठ्ठी, चेहरा पांढरा.

"स्त्रीरोग म्हणून लिहिलंय. किती दिवस झाले? कॅन्सर काय? मला सांगायचं नाही असं ठरवलंस?"

"काय की बोलताय तुम्ही!"

"सात महिने बघतोय मी. तू माझ्यापासून लांब सरकतेस. मला वाटलं, माझा कंटाळा आला. म्हातारा झालो, तोंडात कवळी आली. मी म्हटलं, सरी, असू दे, बाईला त्रास नको." त्यानं चिठ्ठी हलवली. "आता कळतंय, तू मरायला लागलीस!"

राजलक्ष्मी त्याच्याशेजारी चटईवर बसली. आणि सांगितलं. कोरडेपणा, आग, बस, दोन संकष्ट्या, सगळं. पाल नव्हती, हेही सांगितलं.

उमाजीनं चिठ्ठीची घडी घातली.

"म्हणजे कंटाळा नाही?"

"कंटाळा असता तर कापूर लावला असता काय मी?"

तो उठला. शर्ट घातला, केस विंचरले. "चल."

"कुठं?"

"तीस वर्षं चिकपेटेत बायकांना साडी दाखवतो. आतला परकर कुठला हवा, ते मोठ्यानं विचारतो. इथं कसली लाज?"

दुकानात रविवारची गर्दी होती. उमाजीनं चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि साड्यांचा सेल पुकारावा तशा आवाजात कानडीतून म्हणाला, "प्राणेश, बायकोच्या योनीच्या कोरडेपणासाठी मॉइश्चरायझर. बिनवासाचं. या चिठ्ठीतलंच, दुसरं नको."

दुकान थांबलं. प्राणेशच्या हातातली कात्री थांबली. राजलक्ष्मीला जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं, पण हसूही दाबता येईना. मागून एक म्हातारी चौकडीची साडी सावरत पुढं सरकली. "ए तम्मा, मला पण तेच दाखव."

प्राणेशनं सवयीनं वर्तमानपत्र ओढलं.

"कागद ठेव," उमाजी म्हणाला. "वाच तू, राजी."

तिनं चष्मा लावला. भर काउंटरवर, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. वास नाही. रंग नाही. मान हलवली. उमाजीनं मॉइश्चरायझर आणि लुब्रिकंट, दोन्ही ट्यूबा हातात धरून, मोगऱ्याचा गजरा न्यावा तशा, रस्त्यानं घरी नेल्या.

मॉइश्चरायझरचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लागला. भोवती पेनानं गोल, शेजारी तारीख. सोमवारी सकाळी उमाजीनं चहाआधी तिचा हात ओढून बघितला. "लाल नाही." मंगळवारी साडीचा पोत बघतात तसं बोटाच्या मागल्या बाजूनं चाचपलं. "मऊ आहे. रेशीम." बुधवारी तिनं स्वतःच घड्याळ बघितलं, कारखान्यातला पेन काढला आणि ट्यूबवर हिरवा ठिपका दिला.

मग नेमानं लावलं. पहिल्या आठवड्यात फरक नाही. दुसऱ्या आठवड्यात बसमध्ये होसूर रोड संपला आणि तिच्या लक्षात आलं, आपण आज खिडकीबाहेर बघत आलो. तिसऱ्या आठवड्यात भाग्यलक्ष्मी चिठ्ठीतलं नाव उतरवून घेऊन गेली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी राजलक्ष्मीनं हॉलमधली चटई झटकून गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. उशी आत नेली. उमाजी बघत होता.

"घोरीन की मी."

"घोरा."

सोमवारी सकाळी तो आरशासमोर भांग पाडत होता. कुंकवाच्या डबीशेजारी ट्यूब उभी होती, उघड्यावर. त्यानं ठिपक्याकडं बोट दाखवलं. "हिला पास केलंस. मला?"

राजलक्ष्मीनं पेन घेतला, त्याची हनुवटी धरली, सगळीकडून बारकाईनं बघितलं, आणि कपाळाच्या मधोमध ठिपका दिला.

ती शाई दोन दिवस निघत नाही. उमाजीला हे माहीत नव्हतं. चिकपेटेपर्यंत मेट्रोत लोक बघत राहिले, दुकानात मालकानं विचारलं, कुठल्या देवळात गेला होतास. उमाजी गिऱ्हाइकासमोर साडी उलगडत नुसता हसला आणि दिवसभर त्यानं कपाळाला हात लावला नाही.