मुक्कामाचा चार्जर

भिंतीवर पेन्सिलीने खूण करता करता भुपेंद्रचा हात थांबला. त्याने मागे वळून पाहिले.

"काय म्हनलं, काकी?"

"दोघातला हळू कोनता भरते, म्हनलं."

"हळू?" भुपेंद्रला हसू आवरेना. "गोंदियात इतक्या घरी लावले मी. सबन लोक इचारतेत, जल्दी कोनता भरते. हळू कोनता म्हनून इचारनाऱ्या तुमीच पैल्या."

"मंग पैलीले सांग."

भुपेंद्रने मोबाइलवरचे चित्र पुन्हा पुढे केले. कामठ्याच्या चौकात त्याचे दुकान होते. पंख्यांपासून मोटारपंपांपर्यंत सारे काही तो दुरुस्त करी आणि अलीकडे गोंदियात जाऊन गाड्यांचे चार्जरही बसवू लागला होता. "हा भिंतीवरचा डबा. याले घराचा लोड वाढवा लागते, खांबापासून नवा केबल लागते. पन दुपारी जेवायले बसताना गाडी लावली का दिवसबुडती तयार. दादा रातच्या जेवनाले नागपुरात. आन् दुसरा म्हनजे साधा सोळा अँपियरचा पॉइंट. गाडीसंग जो वायर येते, तोच लावाचा. पन तो रातभर घेते. सकाळच्या पयले गाडी भरत नाई."

"रातभर," दुलारीबाई म्हणाल्या.

"हो ना. म्हनून तर म्हनतो, डबा लावा. दादानं बी फोनवर तेच सांगतलं."

"साधा पॉइंट लाव."

भुपेंद्रने भिंतीवरची खूण बोटाने पुसली. काऊन, असे विचारण्यासाठी त्याने तोंड उघडले होते, पण दुलारीबाई चहा ठेवण्याच्या निमित्ताने आत निघून गेल्या होत्या.

लोकेंद्र हा त्यांचा एकुलता एक मुलगा. नागपुरात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. विजेवरची गाडी घेतल्याचे त्याने पावसाळ्यात फोनवर सांगितले, आणि त्याच फोनवर हेही सांगितले, की आता कामठ्याला येणे जरा अवघड होणार. एका चार्जिंगमध्ये जाऊन परत येणे होत नाही. भंडाऱ्याजवळ एका हॉटेलसमोर चार्जर आहे, पण तिथे रांग असते. "घरी चार्जर लागला तर प्रश्न मिटेल, आई," असे तो म्हणाला होता. तो सहजच म्हणाला असेल. दुलारीबाईंनी मात्र ते वाक्य धरून ठेवले. गोंदियाला दिवसभर रेल्वेगाड्या थांबतात, नागपूरहून बसल्यावर दोन-अडीच तासांत माणूस स्टेशनावर उतरतो, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण मुलगा का येत नाही, या प्रश्नाला चार्जर हे एक उत्तर मिळाले होते, आणि ते भिंतीवर बसवता येण्याजोगे होते.

दुलारीबाईंचे पती गोवर्धन बिसेन गेले त्या वर्षी लोकेंद्र महिन्यातून एकदा यायचा आणि राहायचा. मग तो सकाळी येऊन संध्याकाळी जाऊ लागला. पुढे जेवून दुपारीच निघू लागला. ठेक्याने दिलेल्या धानाच्या बांध्यांचे काय झाले, औषधे वेळेवर घेते का, हे उभ्याउभ्या विचारायचा आणि किल्ली बोटात फिरवायचा. मधल्या खोलीतल्या त्याच्या पलंगावर दुलारीबाई दर वेळी धुतलेली चादर घालीत. तो गेल्यावर तीच न चुरगळलेली चादर घडी करून परत ठेवीत. सून रुची आणि नात गुंजन यांचे तर येणेच विरळ झाले होते. गुंजनची शाळा, शिकवणी, परीक्षा; कारणे सगळी खरी होती. खऱ्या कारणांवर रागावता येत नाही, हीच तर अडचण होती.

रातभर हा शब्द ऐकल्यावर त्यांना माहेरची मंडई आठवली, ती यामुळेच. माहेर बोदलकशाकडचे. दिवाळीनंतर धान कापणीला आले, की गावोगाव मंडई भरते. दुकाने, पाळणे, दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. तेव्हा पाहुणे बैलगाड्यांनी येत. त्यांचे बैल सोडायचे, अंगणातल्या खुंट्याला बांधायचे, पुढ्यात धानाची तणीस टाकायची, हे यजमानाचे काम. आणि बैल सोडले रे सोडले, की दुलारीबाईंचे वडील गाडीच्या जुवातल्या शिवळा, म्हणजे बैलाची मान अडकवायच्या त्या लाकडी खुंट्या, हळूच काढून धानाच्या ढोलीमागे लपवीत. संध्याकाळी पाहुणा उठे, गाडीपाशी जाई, आणि शिवळा नाहीत म्हणून ओरडे. घरभर हसू उसळे. पाहुणा कपाळावर हात मारून पुन्हा ओसरीवर बसे, आणि रात्रीच्या नाटकाला सगळे मिळून जात.

त्या दिवशी संध्याकाळी लोकेंद्रचा फोन आला, तेव्हा दुलारीबाई म्हणाल्या, "डबा नाई होत इथं. गावच्या लाइनीवर झेपत नाई म्हनते. साधाच लावला."

"भुपेंद्र म्हणाला?"

"हो."

"बरं," लोकेंद्र म्हणाला. "मग मंडईला आलो तर रात्री राहावं लागेल."

"त रायजो ना," दुलारीबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच ठेवायला त्यांना फार कष्ट पडले.

पॉइंट लागला, पण तेवढ्याने भागले नाही. घराला अर्थिंगच नव्हते. भुपेंद्र म्हणाला, की जमिनीत नीट वायर उतरली नसेल तर गाडी वीज घेतच नाही, नुसता लाल दिवा दाखवते. त्यासाठी खड्डा हवा होता. दुलारीबाईंनी अंगणाच्या कोपऱ्यातली जागा दाखवली. तिथे पूर्वी पाहुण्यांच्या बैलांचा खुंटा होता. तो कधीच कुजून गेला होता, पण माती अजून मऊ होती. भुपेंद्रने नळी पुरली, कोळसा आणि मीठ घातले आणि वर सिमेंटचे झाकण बसवले.

"याले पानी टाकत जा, काकी. सुकलं का काम करत नाई."

"रोज?"

"रोज नाई. अधूनमधून. झाड थोडीच हाय ते!"

दुलारीबाई रोज टाकू लागल्या. सकाळी तुळशीला पाणी घालून झाले, की उरलेला तांब्या त्या कोपऱ्यात रिता करीत.

मंडईच्या दिवशी लोकेंद्र एकटाच आला. गुंजनची चाचणी होती. गाडी अंगणात शिरली तेव्हा तिचा आवाजच आला नाही. दुलारीबाई चुलीपाशी उडदाचे बडे तळत होत्या आणि एकदम दारात मुलगा उभा दिसला. केस कानशिलांजवळ पांढरे झाले होते. फोनवर ते कसे दिसणार?

त्यांनी आधी गाडी लावायला सांगितली. लोकेंद्रने वायर जोडली, हिरवा दिवा लुकलुकू लागला. दुलारीबाई थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. पुढ्यात तणीस टाकल्यावर बैल मान खाली घालतो, तसेच काहीसे त्यांना वाटले.

जेवण चांगले झाले. लोकेंद्रने पुरीसारख्या फुगलेल्या सुवाऱ्या मागून घेतल्या. दंडारीचा ढोल ऐकू येत होता, मुले पिपाण्या वाजवीत रस्त्याने पळत होती. "रातच्या नाटकाचे दोन पास ठेवून रायली मी," दुलारीबाई म्हणाल्या, आणि तो "बघू" म्हणाला. नाही म्हणाला नाही. त्यानंतर तो पलंगावर आडवा झाला. चादर चुरगळली. दुलारीबाईंनी दारातून ते पाहिले आणि पाऊल न वाजवता परत फिरल्या.

ऊन कलताना भुपेंद्र आला. नवा सदरा, कपाळावर गुलाल. मंडईच्या दिवशी गावातला जो तो जिथे तिथे चहा पितो, तसाच तोही चहाला टेकला. लोकेंद्र बाहेर येऊन गाडीच्या काचेतून आकडे पाहत होता.

"काय भुपेंद्र," तो थट्टेने म्हणाला, "साऱ्या गोंदियाला चार्जर लावले म्हणतोस, आन् आमच्या घरी एक डबा नाही बसवता आला तुला? गावची लाइन झेपत नाही म्हणे."

भुपेंद्रने कप खाली ठेवला. धंद्यावरचा टोला त्याला सोसला नाही. "माह्याच्यानं? दादा, लाइनीले काय धाड भरली? तुमी म्हना त उद्या अर्ज टाकतो. काकीनंच साधा लाव म्हनलं. हळू भरनारा पायजे म्हने!"

ढोल थांबला होता. लोकेंद्रने आईकडे पाहिले. तो रागावला असता तर दुलारीबाईंनी त्याला चार शब्द सुनावले असते. ते शब्द त्यांच्याजवळ कित्येक दिवसांपासून तयार होते. पण तो रागावला नाही. तो नुसताच जरासा हसला, आपण मोठी माणसे लहान मुलांच्या हट्टाला हसतो तसा, आणि खिशात वाजणारा फोन घेऊन गाडीत जाऊन बसला. काच वर गेली.

भुपेंद्रला आपले काही चुकले एवढे कळले. चहा अर्धा टाकून तो निघून गेला.

दुलारीबाई ताटलीत बडे घेऊन गाडीजवळ गेल्या. काच पुरती लागली नव्हती, वर बोटभर फट होती. आतला आवाज ऐकू आला.

"नाही, सकाळच्या मीटिंगला नाही पोचणार. अडकलोय इथे. उद्यापर्यंत."

त्या ताटली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. अडकलोय हा शब्द त्याने वैतागाने उच्चारला नव्हता. पावसात पूल बुडाला, गाडी पंक्चर झाली, असे सांगावे तसा साधा तो शब्द होता.

आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, त्यांना ढोलीमागच्या त्या खुंट्यांविषयी आणखी एक गोष्ट आठवली. एका मंडईला सालेकशाकडचे एक पाहुणे आले होते. त्यांच्या घरी बाळंतपण आज-उद्यावर आले होते. ते उठले, तेव्हा वडिलांनी त्यांच्या शिवळांना हातही लावलेला नव्हता. उलट त्यांनी स्वतः बैल जुंपून दिले होते. लहान दुलारीने विचारले होते, यांच्या काऊन नाही लपवल्या? वडील म्हणाले होते, "ज्याले रायचं असते त्याच्याच लपवाच्या, पोरी. त्याले राहतो म्हनाची लाज वाटते, म्हनून." त्या वेळी त्यांना ते नीट उमगले नव्हते, आणि पुढे हसण्याचा तेवढा आवाज लक्षात राहिला होता.

लोकेंद्र फोन संपवून उतरला. "बडे? ठेव, रात्री खाऊ."

"भंडाऱ्यापर्यंत पुरते का आता?"

"काय?"

"गाडी. भंडाऱ्यापर्यंत पुरते का?"

त्याने काचेतून पाहिले. "पुरेल. पण रांग असते तिथे. राहतो ना आता, आई. काय फरक पडतो?"

काय फरक पडतो. दुलारीबाईंना होकार द्यायचा होता. पास ट्रंकेवर ठेवले होते, पलंगावर चादर चुरगळलेली होती, आणि रात्र सुरू व्हायला थोडाच वेळ होता. रात्र तर मिळाली असती. तो नाटकाला आला असता, शेजारी बसला असता आणि खिशातल्या फोनकडे पाहत राहिला असता.

त्या भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी बटण बंद केले. हिरवा दिवा विझला.

"निंग मंग. उजेड हाय तोवर रस्त्याले लाग. मंडईची गर्दी सुटली का बैलासारखे आडवे येतेत लोक."

"आई, मी खरंच—"

"मले मालूम हाय. जेवनाचा डबा घेऊन जा, गुंजनले सुवाऱ्या आवडतेत."

लोकेंद्रने वायर गुंडाळली. गुंडाळताना तो दोनदा थांबला. मग आईच्या पाया पडला. खांद्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ राहिला. गाडी निघाली, तेव्हाही आवाज आला नाही. दुलारीबाई वळणापर्यंत पाहत राहिल्या. पूर्वीच्या गाडीचा आवाज कामठ्याच्या वेशीपर्यंत तरी ऐकू यायचा. हिने तेवढीही सोबत केली नाही.

एक पास त्यांनी शेजारणीला दिला. स्वतःही जाणार होत्या. साडी बदलून ओसरीवर येऊनही बसल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला.

"भंडाऱ्याला पोचलो. चार गाड्या आहेत पुढे."

"बस मंग."

"बसलोच आहे." मग तो म्हणाला, "तो कोपऱ्यातला खड्डा ओला होता. रोज पाणी टाकतेस का त्यात?"

"भुपेंद्र म्हनला टाकाचं."

"रोज नाही टाकायचं, माय."

नागपूरला शिकायला गेल्यापासून तो आई म्हणत असे. त्यालाही ते जाणवले असावे, कारण त्याने घाईने विषय बदलला. मग त्याने विचारले, की मामांच्या घरची ती लाल गाय अजून आहे का. ती केव्हाच मेली होती. दुलारीबाईंनी तिच्या वासराचे सांगितले, त्या वासराच्या वासराचे सांगितले. तो हुंकार देत राहिला. पलीकडे ट्रक जात होते, कुणीतरी चहा-चहा म्हणून ओरडत होते.

"नंबर आला. ठेवतो," तो मध्येच म्हणाला, आणि फोन बंद झाला.

दुलारीबाई तशाच बसून राहिल्या. नाटकाची नांदी लाउडस्पीकरवरून गावभर ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी भुपेंद्र तोंड पाडून दारात आला. "काकी, काल माह्या तोंडून—"

"तो भिंतीवरचा डबा लाव," दुलारीबाई म्हणाल्या. "अर्ज काय असंन तो टाक."

भुपेंद्र त्यांच्याकडे बघतच राहिला. "डबा लागला का दादा दिवसबुडती निंगतीन, काकी. रायनार नाईत."

"मालूम हाय मले. तो येईन त जाईन ना."

त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि पुसलेल्या जागी पुन्हा खूण केली. दुलारीबाईंनी तुळशीला पाणी घातले. तांब्यात थोडे उरले होते. कोपऱ्यातली माती ओली होती, आणि रोज टाकायचे नाही हे आता दोघांनी सांगून झाले होते. तरी त्या तिथवर गेल्या आणि उरलेले पाणी झाकणाच्या कडेने हळूहळू ओतले.