थोरलीला कळवलं

"बैठकीला घरातलं आणखी कोण येईल?" व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी विचारलं.

"मी आलोय की."

"तुम्ही आहातच. पण त्यांच्या जवळचं अजून एखादं माणूस हवं."

चष्म्याच्या काचा घासण्यात त्याचा जन्म गेला होता. गिऱ्हाइकांचे नंबर त्याला तोंडपाठ. पण जवळचं माणूस उरलं होतं कुठे? बायकोचं पिणं झाकायला त्यानेच एकेकाला दारातून वाटेला लावलं होतं. कुणी येतो म्हणालं की तिला ताप यायचा, लग्नकार्य निघालं की तिची कंबर धरायची. ती शिकवायची त्या शाळेतली रजेची पत्रंही त्याच्याच हातची. थापा मारण्यात तो इतका तरबेज झाला होता, की कधीकधी स्वतःच तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायचा.

दुसऱ्या दिवशी तो बायकोच्या थोरल्या बहिणीच्या दारात उभा राहिला. सहा वर्षांनी. तिने आत घेतलं, बसा म्हटलं नाही.

"ताई, ती आजारी नव्हती कधी. पीत होती. आता केंद्रात ठेवलंय."

"आई गेली, तेव्हा आली नाही ती..."

"तेव्हाही."

ताईंनी भिंतीला हात टेकला. "आणि मी तिला नाही नाही ते बोलले. मला सांगायचं होतंत, भाऊजी."

शनिवारी बैठकीच्या खोलीत बहिणीला पाहताच बायको दारात थबकली.

"सांगितलंत?"

"हो."

बायकोने मान खाली घातली. बाईंनी त्याला बोलायला सांगितलं, तेव्हा त्याने सगळ्या थापा एकेक करून सांगितल्या. "माझ्या परीने निभावून नेलं," तो म्हणाला.

"तुम्ही निभावत होतात," बायको हळूच म्हणाली, "म्हणून मला कधी थांबावंच लागलं नाही."

मग तिने बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ती रडू लागली. त्याच्यासमोर ती कधी रडली नव्हती. खांदा द्यायला तो याच खोलीत होता. पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"दोघींना जरा बसू द्या," बाई म्हणाल्या.

तो बाहेर आला. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. बाकावर एक अनोळखी म्हातारी बसली होती.

"तुमचं कोण आहे आत?"

कंबरदुखी अगदी जिभेवर आली होती. त्याने ती गिळली.

"बायको," तो म्हणाला. "दारूसाठी."

म्हातारीने मान डोलावली आणि पिशवी मांडीवर घेऊन त्याला जागा करून दिली.